फावल्या वेळाचें देणें

दिवसाचें काम संपलें, जनावरें गोठ्यांत बांधलीं, भाकरतुकडा पोटांत गेला, आणि निजण्यास अजून घटकाभर अवकाश आहे. अशा वेळीं मनुष्याचा हात आपोआप कशाकडे वळतो, हें पाहिलें म्हणजे त्याच्या मनाची पुष्कळशी ओळख पटते. कोणी कोनाड्यांतून बांसरी काढतो. कोणी लांकडाचा तुकडा घेऊन त्याचा बैल कोरीत बसतो. कोणी वहींत चार ओळी जुळवितो. कोणी बहीण दिव्याच्या उजेडांत चिंध्यांचे तुकडे जुळवून वाकळीवर नक्षी उठविते. ह्या कामांचे कोणी दाम देत नाहीं, आणि तीं न केलीं तर कोणी रागेंही भरत नाहीं. तरी मनुष्य तीं करितो, व करितांना सुखी दिसतो.

ह्या छंदांविषयीं आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें तीन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, प्रभूच्या सेवकानें फावल्या वेळीं शास्त्र वाचावें व प्रार्थना करावी. बांसरी काय, चित्रें काय, हा सारा काळाचा अपव्यय आहे. दुसरे म्हणतात, ज्यानें त्यानें आपल्या घरीं काय करावयाचें तें करावें. मंडळीस त्याचें काय? तें चार लोकांपुढें मांडूं जाणें हा गर्व. तिसरे म्हणतात, गुण देवानें दिला, तेव्हां तो मंडळीचाच झाला. बोलावलें कीं आलेंच पाहिजे, सांगितलें कीं वाजविलेंच पाहिजे. पहिलें मत छंदास मारितें, दुसरें त्यास पुरून ठेवितें, आणि तिसरें त्यास वेठीस धरितें. आम्हांस तिन्ही मतें अपुरीं वाटतात. कां, तें आज वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रश्न पोकळ नाहीं, हें ध्यानीं येण्यासाठीं अशी एक मंडळी डोळ्यांपुढें आणा. सोलापूर शहरापासून दहा-बारा कोसांवर एक गांव आहे. तेथील एक तरुण बंधु शहरांत यंत्रमागावर कामास आहे. त्याचा आजा गांवाच्या जत्रेंत, लग्नांत व वरातींत बलुत्याच्या हक्कानें हलगी वाजवीत असे; हक्कानें म्हणावयाचें, पण खरें पाहतां हुकुमानें. बापानें बाप्तिस्मा घेतल्यावर ती हलगी आढ्यास टांगून ठेविली. सुटीच्या दिवशीं गांवीं आला असतां तरुणानें ती खालीं काढली, कातडें शेकून ताणलें, आणि मळ्यांतल्या झोपडीपाशीं बसून तो ती वाजवूं लागला. त्याचा हात चांगला आहे. ऐकणारी मुलें जमलीं. मग मुलांनीं पाळकांना विचारलें कीं, नाताळाच्या फेरींत दादांनीं हलगी वाजविली तर चालेल काय? तेव्हां त्याचे वृद्ध चुलते उठून म्हणाले, "ती वस्तु देवळाच्या उंबऱ्यास लागेल त्या दिवशीं मी ह्या देवळांतून उठून जाईन."

येथें दोघांपैकीं चूक कोण? आम्ही घाईनें उत्तर देत नाहीं. हें उदाहरण मनांत ठेवून वाचकांनीं थोडें आमच्याबरोबर चालावें.

प्रथम पहिल्या मताचा विचार करूं. फावला वेळ हा आळशाचा वांटा असें जे समजतात, त्यांनीं सोलापूर शहराचा इतिहास आठवावा. ज्या कापडगिरणीस पुढें सारे लोक 'जुनी गिरणी' म्हणूं लागले, ती १८७७ सालीं निघाली. भोंगा झाला कीं वस्ती उठे, आणि भोंगा झाला कीं माणसें घरीं परतत. आरंभीं प्रौढ पुरुषानें किती तास राबावें ह्यास कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कायद्यानें कापडगिरणींतील पुरुषाचा दिवस १२ तासांचा ठरला. १९२२ च्या कायद्यानें तो ११ तासांवर व आठवडा ६० तासांवर आला. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत १० व ५४ तास झाले. आणि १९४८ च्या कायद्यानें ९ व ४८. ती जुनी गिरणी आतां राहिली नाहीं, तिचा भोंगाही नाहीं. परंतु हे आंकडे नीट पहावे. बारा तासांचे नऊ तास होण्यास सदतीस वर्षें लागलीं. संध्याकाळची जी घटका आपण इतक्या सहज खर्च करितों, ती मिळविण्यास कामकऱ्यांच्या दोन पिढ्या झिजल्या आहेत. अशा वस्तूस अपव्ययाचें नांव देणें बरें नव्हे.

शास्त्रही हेंच शिकवितें. अनुवादाच्या पुस्तकांत विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे, तेथें तिचें कारणही दिलें आहे. तुम्ही मिसर देशांत दास होतां हें विसरूं नका, म्हणून तुमच्या दासानें, दासीनें व बैलानेंही विसांवा घ्यावा, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे विसांवा ही दास्यांतून सुटल्याची खूण होय. उलट, निर्गमाच्या पांचव्या अध्यायांत इस्राएल लोकांना आळशी म्हणणारा कोण आहे? तो फारो आहे. लोक देवाची उपासना करावयास वेळ मागतात, आणि तो म्हणतो कीं हे आळशी झाले, ह्यांचें काम वाढवा. गरिबाच्या फावल्या वेळास आळस म्हणण्यापूर्वीं आपण कोणाची भाषा बोलत आहों, ह्याचा विचार करावा.

त्या वेळांत प्रार्थना व वाचन यांस स्थान आहेच. त्यांवांचून ख्रिस्ती मनुष्य जगूं शकत नाहीं. पण दावीद मेंढरें राखतां राखतां वीणा वाजविण्यास शिकला, तें शिकतांना तो कांहीं शास्त्रपठण करीत नव्हता. मेंढरें चरत होतीं, दिवस मोठा होता, आणि त्याची बोटें तारांवर फिरत होतीं. पुढें शौल राजाचें मन व्याकुळ झालें तेव्हां कोणास तरी त्या मेंढपाळाची आठवण झाली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांतील ही गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. रानांतल्या त्या रिकाम्या तासांवांचून राजवाड्यांतलें तें औषध कोठून आलें असतें?

आतां दुसरें मत. छंद हा खाजगी, तो घरांतच असावा, असें म्हणणारांचा हेतु पुष्कळदां चांगला असतो. त्यांना दिखाऊपणाचें भय वाटतें, व तें भय खोटें नाहीं. परंतु दिखावा टाळण्यासाठीं गुणच पुरून ठेवणें, हें त्या भित्र्या चाकराचें करणें झालें, ज्यानें एकच ठेव मिळाली म्हणून ती जमिनींत पुरली. त्या दृष्टांतांत तीन चाकर आहेत. ज्यास पुष्कळ मिळालें होतें, त्यानें तें पुरलें नाहीं. ज्यास थोडें मिळालें त्यानेंच तें पुरलें. आमच्या मंडळ्यांतही तसेंच दिसतें. चांगला गळा असलेला मनुष्य गाण्यास सहसा लाजत नाहीं, पण ज्याला कागदाची फुलें मात्र सुरेख करितां येतात, किंवा गोष्ट मात्र चांगली सांगतां येते, तो म्हणतो, "आमचें काय मोठें!" आणि त्याचें तें थोडें त्याच्याबरोबर मातींत जातें.

निवासमंडपाची हकीकत ह्याहून स्पष्ट आहे. बसालेल व अहलियाब यांस देवानें सोनें, रुपें, लांकूड व वस्त्र यांच्या कामाची बुद्धि दिली. आणि निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायांत असेंही म्हटलें आहे कीं दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धिही त्यानें त्यांच्या मनांत घातली. आमच्या मतें छंद वांटून घेणें म्हणजे काय, ह्याचें उत्तर येथें आहे. केवळ चार लोकांनीं पहावें म्हणून वस्तु मांडणें, हा त्याचा लहानसा भाग होय. आपल्या हातांतलें दुसऱ्याच्या हातांत जाईल असें करणें, हा मोठा भाग. दाखविणाऱ्यास पाहणारे लागतात; शिकविणाऱ्यास आपल्यापुढें जाणारे हवे असतात. आपला गर्व कितपत आहे हें पहावयाचें असेल तर आपण आपल्या शिष्याच्या पुढें जाण्यानें आनंदतों कीं कष्टी होतों, एवढें पहावें.

सोलापुरांत ह्या शिकविण्याचें एक सुंदर उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनीं येथें लहान मुलांसाठीं बालोद्यान चालविलें. जर्मनींतील फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं जी बालशिक्षणाची रीत काढली, तिच्यांत कागदाच्या घड्या, मातीचे आकार, आणि रंगीत कागदाच्या पट्ट्या एकींतून एक घालून विणलेल्या लहान चटया हीं कामें असत. ज्या शहरांत मोठीं माणसें दिवसभर पोटासाठीं विणीत होतीं, त्या शहरांत लहान मुलांस आनंदासाठीं विणण्याची ही रीत आली. विणणें दोन्ही ठिकाणीं तेंच. परंतु मागावर धन्यानें ठरविलेली नक्षी उतरवावयाची असते, आणि मुलाच्या चटईंत पुढची पट्टी तांबडी घ्यावी कीं निळी, हें मुलानें स्वतः ठरवावयाचें असतें. एवढ्याशा फरकांत मनुष्याची पुष्कळशी मोकळीक सांठविलेली आहे.

आतां आम्ही तिसऱ्या मताकडे येतों, व हेंच सर्वांत कठीण आहे. गुण देवाचा आहे, म्हणून तो मंडळीचा आहे, हें वचन ऐकण्यास गोड लागतें. परंतु पुढें काय होतें? पाळकांच्या घरीं पाहुणे आले, बोलवा त्यास गावयास. जिल्हासभा भरली, सांगा त्यास फलक रंगवावयास. अमक्याच्या घरचें लग्न आहे, त्याचा तबला आहेच. त्याचा सुटीचा दिवस गेला, मजुरी बुडाली, आणि कोणी "दमलास काय, बाबा?" असेंही विचारलें नाहीं. हा मनुष्य बलुत्यांतून सुटून आमच्यांत आला होता. आम्हीं त्यास दुसऱ्या बलुत्यांत घातलें, एवढाच फरक!

ह्या गोष्टीचा विचार करितांना आम्हांस नेहमीं ह्याच जिल्ह्यांतील मंगळवेढें गांव आठवतें. आजही तें ज्वारीचें कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें चौदाव्या शतकांत चोखामेळा राहत होते. ते महार जातीचे. गांवाचीं हलकीं कामें त्यांच्या वांट्यास आलेलीं. त्यांचा मार्ग आमच्या मार्गाहून वेगळा होता, पण सत्य जेथें दिसेल तेथें तें ओळखण्यास ख्रिस्ती मनुष्यानें भिऊं नये. ह्या मनुष्यानें दिवसाचें काम करून अभंग रचले. एकट्यानेंच नव्हे, तर त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका व मुलगा कर्ममेळा, ह्या सर्वांनीं रचले. ज्या घरास गांवानें आपल्या वेशीबाहेर ठेविलें, त्या घरांत एक गुण असा हातोहात वांटला गेला. परंपरा सांगते कीं १३३८ सालीं मंगळवेढ्याच्या गांवकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर चोखोबा असतां ती भिंत कोसळली व तिच्याखालीं ते व दुसरे मजूर गाडले गेले.

वाचकहो, त्याच एका मनुष्याच्या हातून झालेल्या ह्या दोन कामांकडे पहा. भिंत त्याच्याकडून घेतलेली होती. अभंग त्यानें दिलेला होता. भिंत त्याच्याच अंगावर पडली. अभंग सहाशें वर्षांहून अधिक काळ लोकांच्या मुखीं राहिले आहेत. मिसर देशांत इस्राएल लोकांचे हात विटा पाडीत होते, व रानांत तेच हात मंडपासाठीं सूत कातीत होते. विटांच्या वेळीं मुकादम चाबूक घेऊन उभा होता. मंडपाच्या वेळीं, ज्याच्या मनास स्फूर्ति झाली त्यानेंच आणावें, अशी रीत होती. आणि लोक इतकें आणूं लागले कीं अखेर मोशेला, आतां पुरे, असें सांगावें लागलें. ज्या मंडळींत 'आणा, आणा' असें नेहमीं ओरडावें लागतें, तिनें आपण लोकांपासून विटा मागत आहों कीं काय, हें तपासून पहावें.

मराठी भाषेंत 'देणें' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कर्ज, व दुसरा दान. आपला छंद हें देवाशीं आपलें देणें आहे, हें खरें, कारण तो आपण निर्माण केला नाहीं. परंतु तें कर्ज वसूल करण्याचा अधिकार देवानें शेजाऱ्यास, पंचांस किंवा पाळकांस दिलेला नाहीं. मनुष्यानें तें दान म्हणून द्यावें, तेव्हांच तें कर्ज फिटतें. हिसकावून घेतलें तर देणाऱ्याचें कर्ज फिटत नाहीं, आणि घेणारा मात्र नव्या कर्जांत पडतो.

आतां त्या हलगीकडे वळूं. वृद्ध चुलत्यांस हट्टी म्हणून हंसणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. हलगी म्हणजे लांकडाचें किंवा लोखंडाचें कडें, त्यावर ताणलेलें कातडें, व वाजविण्यास दोन काड्या. ह्यांत पाप कोठें असणार? परंतु त्या वृद्धाच्या कानांत तो नाद एकटा येत नाहीं. त्याच्याबरोबर पाटलाची हांक येते, पायांतला जोडा काढून हातीं घेतलेला बाप येतो, दुरून टाकलेली भाकर येते. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. पण मनांतले वळ कायद्यानें एका दिवसांत पुसले जात नाहींत. ज्या बांधवांनीं हलगी टाकली त्यांनीं नाद टाकला नव्हता, अपमान टाकला होता. तें त्यांनीं योग्यच केलें.

बाबेलच्या बंदिवानांचें स्तोत्र आपण ओळखतां. ज्यांनीं धरून नेलें तेच करमणुकीसाठीं गाणें मागूं लागले, तेव्हां त्या लोकांनीं आपल्या वीणा झाडांस टांगल्या. गाण्यास नकार देणें हीही त्या वेळीं उपासनाच होती. पण एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांनीं वीणा टांगल्या, जाळल्या नाहींत. आणि पुढें ते घरीं परतले. त्या तरुणाच्या बापानेंही हलगी आढ्यासच टांगली होती, चुलींत घातली नव्हती. तो स्वतः कांहीं बोलला नसेल, पण त्याच्या हातास कांहींतरी ठाऊक असावें.

तरुणाचें म्हणणेंही तितकेंच खरें आहे. त्याला कोणी बोलावलें नव्हतें. तो स्वतःच्या सुटींत, स्वतःच्या मळ्यांत, स्वतःच्या आनंदासाठीं वाजवीत होता. आजाच्या हातीं जी वस्तु दास्याची होती, ती नातवाच्या हातीं मोकळी झाली. वाद्यांचें असें नेहमींच होत आलें आहे. रोमी लोकांच्या खेळांच्या आखाड्यांत, जेथें माणसें मरत तेथें, एक प्रकारचा ऑर्गन वाजत असे. ७५७ सालीं कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहानें फ्रँक लोकांच्या पेपिन राजास ऑर्गन नजर केला, आणि पुढें कित्येक शतकांनीं तें युरोपांतील देवळांचें प्रमुख वाद्य झालें. आमच्या देवळांतील पेटीही पॅरिस शहरांत १८४२ सालीं पेटंट घेतलेल्या एका वाद्याच्या कुळांतली. ती नाटकांतही वाजली, बैठकींतही वाजली, व उपासनेंतही वाजते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं भजन व कीर्तन ह्या देशी रीतींना आमच्या उपासनेंत आणण्यासाठीं किती परिश्रम घेतले, हें जुन्या वाचकांस सांगावयास नको. पेटी व टाळ यांना जी वाट मोकळी झाली, ती हलगीस कायमची बंद आहे असें शास्त्रांत कोठेंही नाहीं.

मग करावें काय? पौलानें करिंथच्या मंडळीस मूर्तीच्या नैवेद्याविषयीं जो उपदेश केला, तो येथें लागू पडतो. ज्ञान आहे म्हणून दुर्बळ बंधूच्या मनास ठेंच लावूं नये. परंतु येथें दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत; जखम वेगळी व लाज वेगळी. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याची ती जखम होय. त्याच्यासाठीं थांबावें, एक नाताळ थांबावें, चार नाताळ थांबावें. पण जो शहरांत शिकून मोठ्या पगारावर गेला व ज्यास आपल्या आज्याची हलगी आठवली कीं चारचौघांत मान खालीं घालावीशी वाटते, त्याची ती लाज होय. लाजेसाठीं मंडळीनें थांबूं नये. ती लाज घालविण्यास मदत करावी. आणि तरुणानें एवढें करावें: नाताळापूर्वीं एका संध्याकाळीं एकट्यानें चुलत्यांकडे जावें, हलगी घरींच ठेवून जावें, व विचारावें, "आजोबा कसे वाजवीत असत?" कदाचित् वृद्ध रागावतील. कदाचित् ते रडतील. कदाचित् ते गुडघ्यावर बोटांनीं ठेका धरून दाखवितील. तिन्ही गोष्टी देवळांतल्या वादापेक्षां बऱ्या. हलगी वाजो वा न वाजो, जी गोष्ट त्या घरांत तीन पिढ्या कोणी बोलून दाखविली नाहीं, ती वांटली जाईल.

येथवर आम्हीं बांधवांविषयींच बोललों. आतां भगिनींविषयीं बोललें पाहिजे, आणि येथें आम्हां पुरुषांस थोडी मान खालीं घालावी लागते. सोलापुरांत सहस्रावधि स्त्रिया घरीं बसून विड्या वळतात; मजुरी हजार विड्यांमागें मिळते. हजार भरल्यावर स्वयंपाक, पाणी, लेंकरें. खेड्यांत विड्यांच्या जागीं खुरपणी आहे. नवरा भजनास जातो व म्हणतो, "मंडळीचें काम आहे." तो ज्या वेळांत भजन करितो तो वेळ घरांत कोणाच्या कमरेवरून आला, हें तो विचारीत नाहीं. आमच्या आज्या-पणज्यांना छंदास वेगळा वेळ नव्हताच. म्हणून त्यांनीं आपली कविता कामाच्या पोटांत लपविली. पहांटे जात्यावर दळतां दळतां त्यांनीं ओव्या रचल्या. हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून अशा एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. एक लक्ष! आणि रचणाऱ्या बहुतेकींस कोणी कवि म्हटलें नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट येथें फार बोलकी आहे. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या दुःखाच्या दिवसांत त्या पतीपासून दूर होत्या, त्यांपैकीं कांहीं काळ त्या ह्याच जिल्ह्यांत पंढरपुरास आपल्या आप्तांपाशीं राहिल्या. त्यांनीं शाळा पाहिली नव्हती; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीनें घरीं शिकविल्यामुळें. पुढें त्यांनीं कविता केल्या, टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' बहुतांशीं त्यांनींच पुढें नेलें, आणि १९३४ सालापासून ज्यांची 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं त्याही त्याच. एका स्त्रीस कोणीतरी थोडें अक्षर दिलें व थोडा वेळ मोकळा ठेवूं दिला, आणि त्याचें फळ सर्व महाराष्ट्रास मिळालें. आमच्या किती घरांत हें अक्षर व हा वेळ अजून दिलेला नाहीं? म्हणून आम्ही म्हणतों, छंद वांटण्यापूर्वीं फावला वेळ वांटावा. पुरुषानें आठवड्यांतून एक सांज चूल व लेंकरें सांभाळावीं. हें बोलणें कोणास थट्टेचें वाटेल. परंतु यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हां विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवीत होत्या? तिनें शिवलेलीं वस्त्रें. त्या शिवणकामास तिला वेळ मिळाला होता, म्हणूनच तीं वस्त्रें होतीं.

हल्लींच्या काळाविषयीं एक शब्द बोलूं. पूर्वीं फावला वेळ भोंग्यानें खाल्ला. आतां तो हातांतल्या मोबाईलनें खाण्याचा संभव आहे. दुसऱ्यांचें गाणें, दुसऱ्यांचें नाचणें, दुसऱ्यांचें हंसणें पाहत अंगठा वर-खालीं फिरतो, आणि बांसरी कोनाड्यांतच राहते. त्या यंत्रांत पाप भरलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यावर कोणी नवी चालही शिकतो. पण दोन तास पाहिल्यावर आपल्या हातून कांहीं निघालें काय, व शेजारीं बसलेल्या मनुष्याशीं आपण दोन शब्द बोललों काय, एवढें आपणांस विचारावें.

शेवटीं उपदेशक बंधूंस व भगिनींस आमची थोडकी सूचना आहे. महिन्यांतून एका चांदण्या रात्रीं मंडळीस देवळाच्या अंगणांत जमवावें. कार्यक्रम छापूं नये, बक्षीस ठेवूं नये, पाहुण्यांसाठीं खुर्च्या मांडूं नयेत. ज्यास जें येतें तें त्यानें बरोबर आणावें: कोरलेला बैल, वाकळ, रांगोळीचा नमुना, उखाणा, गोष्ट, बांसरी. ज्यास आणावेंसें वाटत नाहीं त्यानें रिकाम्या हातीं यावें व आनंदानें पहावें. त्यास कोणी आग्रह करूं नये. ज्याला चांगलें येतें त्यानें एका मुलास शेजारीं बसवून घ्यावें. ज्याचें कमी जमतें त्यास कोणी हंसूं नये. कोणाच्या मजुरीचा दिवस बुडतो असें दिसलें तर मंडळीनें ती मजुरी भरून द्यावी, व दिल्याचा उच्चार करूं नये. आणि उपदेशकानें स्वतः प्रथम आपलें कांहीं आणावें, विशेषतः जें त्यास फारसें चांगलें येत नाहीं तें. मेंढपाळ चुकतमाकत गातो हें पाहिलें म्हणजे मेंढरांचें भय जातें.

असें एक वर्ष करून पहावें. आम्हांस वाटतें, मंडळींतील कित्येक मनुष्यें, ज्यांचें केवळ नांव व वर्गणी आपणांस ठाऊक होती, तीं त्या अंगणांत प्रथमच आपणांस भेटतील. ज्या देवानें कामाचे सहा दिवस दिले त्यानेंच विसाव्याचा सातवा दिला; आणि विसाव्यापूर्वीं त्यानें आपल्या हातचें केलेलें पाहून तें चांगलें म्हणण्याचा आनंद घेतला. त्या आनंदाचा एक कण त्यानें आपल्या प्रत्येकाच्या बोटांत ठेविला आहे. तो कोणी हिसकावूं नये, कोणी पुरूं नये. ज्याच्या हातीं तो आहे त्यानें आपखुशीनें मूठ उघडावी, आणि बाकीच्यांनीं तोंवर धीरानें थांबावें.